घाटात बंद पडणारी गाडी

९ डिसेंबर १९६२
गाडी पुन्हा घाटात बंद. खामगावहून पेंड भरून उंद्रीला येत होती. नामदेव ड्रायव्हर पायी आला, तोंड पाडून. "चढावर दम तोडते, बाई. उभी राह्यली का थोड्या वेळानं आपोआप चालू होते."
धाकटा दीर प्रल्हाद ओट्यावर होता. कुणी विचारायच्या आधीच बोलला, "डिझेलचा पंप गेला. इकून टाका, वहिनी. दादा गेला, आता बाईमाणसानं टरक ठेवून काय करा?"
घ्यायला कोण तयार आहे? तोच.
यांना जाऊन वर्ष होत आलं. गाडी आहे तोवर या घरात माझं ऐकावं लागतं. गाडी गेली की मी चुलीपाशी. हे कुणाला बोलून दाखवत नाही.

१३ डिसें.
प्र.च्या ओळखीचा खामगावचा मिस्त्री. गोड माणूस. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, वाक्यागणिक "ताई". पंप उघडला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलले. जुने मागितले तर म्हणे, "भंगारात गेले, ताई. तुमच्या काय कामाचे?" भंगाराचा डबा समोरच होता. रिकामा.
प्र. बाहेर त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा. मी पाहिलं तसा हात काढला.

१५ डिसें.
गाडी बंद. तोच चढ.
प्र. म्हणतो, नामदेव डिझेल विकतो आणि रॉकेल मिसळतो. ओट्यावर, चारचौघांत, मुद्दाम मोठ्यानं. नामदेव खाली मान घालून उभा. बोलायला पाहिजे होतं. गप्प माणसाचा मला संशय येतो, आणि बोलणाऱ्याचा तर येतोच.

१६ डिसें.
उद्या स्वतः गाडीत बसून जाणार. सासूबाई कडाडल्या, "कपाळ पांढरं झालेली बाई ड्रायव्हरच्या बाजूले बसन? गावातून?"
हो. गावातूनच. दुसरा रस्ता नाही.

१७ डिसें.
गेले. पारावरच्या माणसांनी माना वळवून पाहिलं. मीही पाहिलं त्यांच्याकडे.
येताना घाटात आधी ओढ कमी झाली, मग आचके, मग शांत. नामदेवनं टाकीकडून येणारी नळी सोडली. तिच्यातून डिझेल येतच नव्हतं. टाकी तर अर्धी भरलेली. नळीला तोंड लावून त्यानं उलटी फुंकर मारली, टाकीत गुडगुडलं, मग धार लागली. गाडी चालू. वरच्या वळणावर पुन्हा तेच.
मग पंपाचा काय संबंध? बिघडलेला पंप विसावा घेऊन बरा होतो का?
"हे त्या मिस्त्रीले सांगितलं होतं?"
"सांगितलं. त्यानं ऐकलं नाही."
"मले काऊन नाही सांगितलं?"
"तुमी इचारलं नाही, बाई."
राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच.

२० डिसें.
नांदुरा. पेंडवाल्या व्यापाऱ्यानं नाव सांगितलं होतं, गफूर मिस्त्री. "तोंडाचा फाटका आहे, पण हात साफ," म्हणाला. स्टूल नाही, चहा नाही. वर पाहिलंही नाही. "मर्द कोणी नाही का घरी?"
म्हटलं, "नाही. गाडी पाहता का जाऊ?"
मग विचारलं, बंद पडायच्या आधी धूर काळा येतो का, किती वेळ उभी ठेवावी लागते, फुंकर मारल्यावर फरक पडतो का. सगळं सांगितलं, नोझल बदलल्याचंही. मी बसले होते ना गाडीत. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.
पंपाला हात लावला नाही. केबिनवर डिझेलचा डबा बांधला, त्यातून सरळ नळी जोडली, टाकीची नळी सुटीच ठेवली. लादलेल्या गाडीत आम्हाला बसवून पुलाचा चढ पुन्हा पुन्हा चढवला. एकदाही आचका नाही.
"इंजिन चांगलं, पंप चांगला. तुमचे चांगले नोझल कोणी तरी खाल्ले. घाण टाकीत आहे."
टाकी उतरवली, माझ्यासमोर रिकामी केली. जाड कापडाची चिंधी निघाली, फुगलेली. चढावर डिझेलची ओढ वाढली की नळीच्या तोंडाला चिकटायची, गाडी थांबली की सुटायची.
"पडली का कोणी टाकली?" मी विचारलं.
"ते मले नका इचारू. मी गाडी पाहतो, घर नाही." चिंधी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. तुमचा माल."

२१ डिसें.
चिंधी ओट्यावर टाकली. प्र.नं चहाचा घोट घेतला. "मांगं टाकीचं झाकण हरवलं होतं. तुमच्या ड्रायव्हरनंच बोळा कोंबला असन."
नामदेव म्हणाला, "कोंबला होता. नवीन झाकण बसवलं तवा काढला बी होता. या हातानं."
"मंग ही का आभायातून पडली?" प्र. म्हणाला.
नामदेव प्र.कडे पाहत राहिला. प्र. त्याच्याकडे. दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे. नाहीतर नामदेव विसरला आहे, आणि प्र. त्यावर खूश आहे. माझ्यानं काही ठरत नाही.

२३ डिसें.
लोहाराकडून टाकीच्या झाकणावर पट्टी बसवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. नामदेवनं हात पुढे केला. मी दिली नाही. म्हटलं, डिझेल भरायला दर वेळी मी येईन.
त्यानं हात मागे घेतला. "मालक होते तवा मले कोणी चोर म्हटलं नाही."
"मी कुठं म्हटलं?"
"म्हणायले पाह्यजे होतं. बरं झालं असतं."
रुमाल खांद्यावर टाकून गेला.

२५ डिसें.
काल आला नाही, आजही नाही. इथं उंद्रीला कापूस भरून पडलाय, खामगावला पोचवायचाय. त्याच्या घरी निरोप धाडला. बायको म्हणाली, वावरात गेले.
गाडी उभी आहे. बटण दाबलं की लगेच चालू होते, काही तक्रार नाही. मीच सकाळी चालू करून पाहिली.
प्र. आला. आज आवाज एकदम मऊ. "वहिनी, एक ड्रायव्हर आहे माह्या ओळखीचा. चांगला आहे. बलावू का?"
गाडीच्या पायरीवर बसले आहे, वही मांडीवर. हो म्हटलं तर गाडी त्याच्या हातात, नाही म्हटलं तर कापूस पडून. तो उत्तरासाठी थांबलाय. अजून तिथंच आहे, कडुनिंबाखाली. मी लिहिते आहे असं दाखवते.