बिशपचं पाणी बदलण्याची सोपी पद्धत

रॉकहॅम्प्टन,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप थेल्माताईस,
धाकटा भाऊ क्लॅरी याचा, कंबर परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार.

तुझी तब्येत ठणठणीत असेल, तिकडे दक्षिणेला लॉन्सेस्टनात थंडीने तोंड दाखवलं असेल आणि शेकोटीत लाकडं कशी रचावीत हे तू शेजाऱ्यांना त्यांच्या घरात जाऊन शिकवत असशील, असं धरून चालतो. इकडे मी आणि नोएलीन उभयता खुशाल. बिशपही खुशाल. मागच्या पत्रात तू 'तो मासा अजून मेला नाही का?' असं विचारलं होतंस, त्याचं उत्तर: नाही. तो सारातोगा आहे, आपल्या फिट्झरॉय नदीच्या जातीचा. माझ्या हाताएवढा लांब झालाय आणि खालचा ओठ पुढे काढून असा बघतो, की आता प्रवचन सुरू होणार. म्हणून तर त्याला बिशप म्हणतात. त्याची टाकी मात्र तू पाहिलीस त्यापेक्षा मोठी आहे, आपल्या बाबांच्या शवपेटीहूनही लांब (मोजलेलं नाही, पण दोन्ही उचलायला मी हात लावलाय). तिच्या वजनासाठी मी आपल्या खांबांवरच्या घराखाली जादा खांब ठोकून घेतले. अशा टाकीचं पाव हिश्श्याएवढं पाणी दर आठवड्याला काढून तेवढंच ताजं भरावं लागतं. सगळं बदललं तर मासा दगावतो, मुळीच नाही बदललं तरी दगावतो. नवरा-बायकोच्या भांडणासारखं हे थोडं थोडं आणि नियमित करावं लागतं.

इतकी वर्षं मी ते बादल्यांनी करत आलो. पण मागल्या महिन्यात भरलेली बादली उचलताना कमरेत असं काही कडाडलं, की मी आणि बादली दोघंही व्हरांड्यात आडवे. नेमकी त्याच वेळी आपली तान्या जिना चढून वर आली. (मुलगी नर्स असली की बापाला सुखाने पडताही येत नाही.) तिने मला उठवलं, पाठीला बर्फ लावला आणि दुसऱ्याच दिवशी एक रंगीत माहितीपत्रक आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. येप्पूनला समुद्राजवळ म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली आहेत. सगळी जमिनीलगत. जिना नाही, खांब नाहीत, आंब्याचं झाड नाही. मासे पाळायला परवानगी आहे, पण भांडं पुडिंगच्या वाडग्याएवढं. तान्या म्हणाली, "बाबा, तुला साधं माशाचं पाणी बदलता येत नाही. उद्या जिन्यावरून गडगडलास तर?" मी म्हणालो, "पाणी बदलता येतं. बादली उचलता येत नाही. दोन्हींत फरक आहे." तेव्हा सौदा ठरला. ईस्टर सोमवारी ती येऊन खुर्चीत बसणार. मी तिच्यादेखत, बादली न उचलता, जमिनीवर थेंब न सांडता पाणी बदलून दाखवायचं. जमलं तर आम्ही या घरात राहू. नाही जमलं तर वाडगा.

ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. मला कुणी 'नाही जमणार' म्हटलं, की ते मी करतोच. पुष्कळदा चुकीचं करतो, पण करतो. त्या दिवसापासून मी सोप्या पद्धतीच्या मागे लागलो.

पहिली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि पाणी आलं की तोंड बाजूला करायचं. यातलं 'पाणी आलं की' हे प्रकरण अवघड असतं. बिशपच्या पाण्याची चव मी तुला सांगत नाही, तुला माझ्याविषयी अजून थोडा आदर आहे. नळी खिडकीतून खाली अंगणात सोडली होती. आपलं घर माणसाहून उंच खांबांवर, त्यामुळे पाणी असं जोरात ओढलं गेलं, की मी रेडिओवर मॅचचा निकाल काय लागला एवढं ऐकून येतो तोवर बिशपची पाठ उघडी पडली होती. तो कुशीवर टेकून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे इतक्या निराशेने फक्त आपले शाळेतले हेडमास्तर बघायचे. नळी ओढून काढली. खाली मात्र त्या नळीने उड्या मारमारून तारेवर वाळत घातलेले नोएलीनचे, हिरवळीवर गोळे घरंगळवायला जाताना घालायचे, बोल्स क्लबचे पांढरेशुभ्र कपडे हिरवे करून टाकले होते. आमच्या इथल्या बोल्स क्लबात बाईच्या चारित्र्यावर डाग चालतो, स्कर्टवर चालत नाही. नोएलीन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बिशपशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

मग प्रश्न आला भरायच्या पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उडून जावं म्हणून पाणी दिवसभर उघड्यावर ठेवावं लागतं. त्यासाठी मी चाकांचा एक मोठा कचऱ्याचा डबा विकत आणला. कोरा करकरीत, पण दिसायला गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे असतो तसाच. तो घराखाली ठेवला, अर्धा भरला, आणि एका छोट्या पंपाने ते पाणी नळीतून वर चढवायचं ठरवलं. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. खोट शेजारी राहत होती. तुला आमचा डॅरल आठवतो ना, मानच नसलेला? आमच्या गल्लीचा रिवाज असा, की कचऱ्याच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी जो आधी बाहेर पडेल त्याने शेजाऱ्याचाही डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचा. मी आमचा खरा डबा नेऊन ठेवलेला होता. पण डॅरलला घराखाली आणखी एक दिसला. बिचाऱ्या क्लॅरीची कंबर गेली आहे, असं मनात आणून त्याने तो ढकलून पाहिला. हलेना. तेव्हा या भल्या माणसाने त्याला दोर बांधून गाडीने ओढत रस्त्यापर्यंत नेला. सकाळी कचरागाडीच्या लोखंडी हाताने तो उचलला, उलटा केला आणि बिशपचं सगळं पाणी गाडीच्या काचेवरून धबधब्यासारखं खाली आलं. ड्रायव्हरने वायपर चालू केले, खाली उतरला आणि मला म्हणाला, "काका, कचऱ्यात ओढे टाकायचे नसतात."

मी डॅरलला गाठलं. "अरे, एवढा जड डबा, तुला काही शंका नाही आली?"

"आली ना," तो म्हणाला. "मला वाटलं, नोएलीनने शेवटी तुला कापून आत भरलाय."

"आणि तरी ओढत नेलास?"

"शेजारधर्म आहे, लेका. दोन्हीकडून सांभाळावा लागतो."

आता डब्यावर 'कचरा नाही' असं रंगवून ठेवलंय. (डॅरलने त्याच्या खाली 'क्लॅरी आहे' असं खडूने लिहिलं. पुसलं, की पुन्हा लिहितो.)

राहिला प्रश्न पाणी काढण्याचा. खिडकी बाद झाली होती. विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की जमिनीलगतच्या घरवाल्यांना जे सात जन्मात जमणार नाही ते खांबांवरच्या घरात सहज जमतं: लाकडी जमिनीच्या फळीला सरळ भोक पाडायचं आणि नळी खाली सोडायची. वर टाकी, खाली कपडे धुण्याची सिमेंटची कुंडी, तिथून पुढे पपईची झाडं. मी टाकीच्या मागे वरून नीट माप घेतलं. खालून बघायचं तेवढं राहिलं. ड्रिल आरपार गेलं तेव्हा खाली गाडी उभी होती, काचा उघड्या, आणि आत नोएलीन पर्समध्ये किल्ली शोधत बसलेली. भुसा केसांतून झटकत ती वर आली. "जगातले लोक छपराची भोकं बुजवतात," ती म्हणाली, "आणि हा माणूस जमिनीला पाडतो." पण बोलली! दोन दिवसांचं मौन सुटलं, तेव्हा भोक तसं लाभाचंच म्हणायचं. गाडी बाहेर लावायला लागलो, नळी खाली सोडली, तिच्या टोकाला तोटी बसवली. झाली पद्धत तयार.

आणि काल परीक्षा. तान्या आली, कोकराचं मटण आणि भाजलेले बटाटे जेवली, वेताच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. नोएलीन जेवण होताच पांढरे कपडे चढवून (डाग निघाले, देवाची कृपा आणि व्हिनेगर) मॅच आहे म्हणून निघून गेली. मी टाकीशी उभा राहिलो. तुला खोटं कशाला सांगू, चाळीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना कधी घाबरलो नाही, आपल्याच पोरीला घाबरलो. मनात एकच: आज चुकलो तर हा व्हरांडा, हा आंबा, खालचा तो गारवा, सगळं गेलं. मग मी टाच जमिनीवर आपटली आणि पाणी उतरू लागलं. संथ, शहाण्यासारखं. तान्याने विचारलं, "टाच कशाला?" मी सांगितलं, नळीत हवा अडकते, ती हादऱ्याने सुटते. (ती नर्स आहे, नळ्यांतलं तिला काय कळतंय!) पाणी खुणेपर्यंत उतरलं, मी दोनदा टाच आपटली, पाणी थांबलं. तीनदा आपटली, पंप सुरू झाला आणि ताजं पाणी वर आलं. बिशपने ओठ काढून सगळ्यावर देखरेख केली. बादली नाही, थेंब नाही. तान्याने उठून फळ्यांवरून तळवा फिरवून पाहिला. कोरडा. मग तिने पर्समधून ते माहितीपत्रक काढलं, घडी घातली आणि माझ्या खिशात कोंबलं. "राहा इथेच," ती म्हणाली. ताई, मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं.

तेव्हा सारांश असा, की तुझा भाऊ अजून कामाचा आहे. तुझ्या घरातल्या सर्वांना, म्हणजे तुला आणि मांजराला, आमच्या सर्वांचे, बिशप धरून, नमस्कार.

तुझा,
आपल्या पायांवर आणि आपल्या खांबांवर उभा असलेला भाऊ,
क्लॅरी

ता. क. १: वरचं सगळं खरं आहे, फक्त नोएलीन मॅचला गेलेली नव्हती. मासा वर आणि तोटी खाली, त्यामुळे पाणी बघायला एक माणूस वर लागतो आणि तोटी फिरवायला एक खाली. माझ्या कमरेने तो जिना वर-खाली करेपर्यंत बिशप कोरडा पडेल. म्हणून नोएलीन मागच्या जिन्याने जाऊन घराखाली बिअरच्या उलट्या क्रेटवर बसली होती. एक टाच म्हणजे उघड, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे पंप. मी तिला हे करशील का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या येप्पूनच्या घरात मला जायचंय का, हे तू मला एकदा तरी विचारलंस?" मी घाबरत विचारलं, "जायचंय का?" "नाही," ती म्हणाली. "पण विचारायला हवं होतंस."

ता. क. २: आता मूळ काम. जूनमध्ये नोएलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर बरेच आठवडे तिला जिना बंद. बिशपचं पाणी गढूळ दिसलं तर तान्याला सगळं कळेल, आणि आम्ही वाडग्यात. तरी तू ये. काम काहीच नाही. क्रेटवर बसायचं आणि वरून टाच ऐकायची. (तुला माझं ऐकायची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. या वयात लावून घे.) तान्याला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तोच तान्याचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईला सांग, खाली बसून आल्याची कडक बिस्किटं खात जाऊ नको. वरपर्यंत कुडुमकुडुम ऐकू येतं." मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तू टाच आपटलीस आणि खालून कोणीतरी ऐकलं. मला तेवढं पुरे. ज्या दिवशी आपटशील आणि खालून काहीच होणार नाही, त्या दिवशी ते पत्रक खिशातून काढ." आईचा गुडघा बरा होईपर्यंत दर आठवड्याला तीच येऊन खाली बसणार आहे. तेव्हा ताई, तोटीसाठी तुझी गरज उरली नाही. खरं सांगायचं तर ही तोटी मला फार सोयीची वाटली होती. बाबा गेल्यापासून तुला नुसतं 'ये' म्हणून लिहावं असं कितीदा मनात आलं, पण कारण सापडत नव्हतं. आता सापडलेलं कारणही गेलं. तरी ये.