उसना शर्ट

लिहून ठेवते की, मी खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, पूर्वी बातमीदार आणि नंतर बातमीदारांची शिक्षिका, राहणार याच दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणून मिळवावं असं माझ्याकडे काही नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी तसा दाखला दिला नाही. येणारा हिवाळा मी बघेन असं त्यांना वाटत नाही, म्हणून हा कागद.

मजकुरात मी माणसांना कामावरून किंवा नात्यावरून ओळखते. ही जुनी सवय आहे, आता मोडणार नाही. नोंदणी कार्यालयाला लागणारी नावं आणि पत्ते वेगळ्या पाकिटात मोहरबंद आहेत. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सर्वकाही आमच्या प्रशिक्षण केंद्राला दिलं होतं. केंद्र माझ्याआधीच गेलं. त्या हॉलमध्ये आता व्यायामशाळा आहे.

कलम एक. या दोन खोल्या, आतल्या सामानासह, माझ्या भाचीला द्याव्यात. ती वकील आहे, हा कागद तिनेच तपासला आणि याची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. मोरीचा नळ घट्ट बंद होत नाही. फडकं बांधावं लागतं. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला, मी काही ठेवत नाही. "लोक पोटापाण्याचं शिकवतात, ही परक्यांची उठाठेव शिकवते," असं तो माझ्या निरोपसमारंभात चारचौघांत म्हणाला होता. हे वाचून भाची म्हणाली, "आत्या, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो." मी विचारलं, "मग कुठे लिहू? पेपरात?" ती म्हणाली, "लिही बाई, तुझंच मृत्युपत्र आहे." तरी भावाला माझी काळी छत्री द्यावी. तो ती दरवेळी न विचारता न्यायचाच.

कलम दोन. शिकवण्याचं सामान. पोटासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांबद्दल बातमी कशी करावी, हे मी एकोणीस वर्षं शिकवलं. परवानगी घेताना त्या माणसाच्या भाषेत बोलावं. बातमी कुठे कुठे दिसेल ते सांगावं. "उद्या हे तुझ्या मुकादमाने वाचलं तर?" असं आपणहून विचारावं. नको म्हणाला तर वही मिटावी. बातमी छापून झाली की वहीतलं खऱ्या नावाचं पान फाडून जाळावं, कारण पोलीस वह्या मागायला येतात. माझ्या ओळखीच्या एकाने वही जपून ठेवली होती. तिच्यातून अकरा माणसं उचलली गेली. हे सगळं मी आजही तसंच शिकवेन, आणि ते शिकवण्यासारखंच आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या साडेतीनशेंपैकी असं काम आज करणारे मला दोन माहीत आहेत, आणि त्यातला एक नोकरी शोधतो आहे.

पुठ्ठ्याचा तक्ता माझ्या सगळ्यांत हुशार विद्यार्थ्याला द्यावा. आम्ही त्याला 'पहिला बाक' म्हणायचो, कारण तो तिथून कधी हलला नाही. तक्त्यावर न वापरायचे शब्द लिहिले आहेत: लोंढे, घुसखोर, उपरे, गर्दी. अक्षर त्याचंच आहे. तो आता एका वाहिनीचा संपादक आहे आणि मागच्या महिन्यात त्याने बसथांब्यावरच्या बायकापोरांवर 'लोंढे कधी थांबणार?' अशी पट्टी चालवली. मी फोन केला. तो अदबीनेच बोलला. म्हणाला, "बाई, तुमचं एकूण एक पटतं मला. पण तुमची माणसं कोणी बघत नाही हो." तक्ता पोचवणाऱ्याने काही बोलू नये, नुसता देऊन यावा.

कलम तीन. छायाचित्र. भिंतीवरची ती मोठी चौकट उतरवून फोडावी आणि ते छायाचित्र यापुढे कुठल्याही वर्गात दाखवू नये. कोणी मागितलं तर माझ्या या कागदाकडे बोट दाखवावं. त्याचं कारण सविस्तर सांगणं मला भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी एक बातमी मुद्दाम नमुना म्हणून केली. पार्सलच्या एका गोदामात माळ्यावर चाळीस माणसं राहत होती आणि माळ्याचं एकुलतं एक दार बाहेरून बंद होत होतं. त्यातला एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा खोकी बांधणारा बोलायला तयार झाला. मी सगळे नियम पाळले. तो म्हणाला, "नाव नको आणि तोंड पण नको. आमच्याकडे हा पेपर येतो. बापाला मी सांगितलंय, ऑफिसात बसतो म्हणून. माळ्यावर कोंडून झोपतो हे कळलं ना, तर म्हातारा दुकान विकून मला न्यायला येईल."

आम्ही माझ्या घरीच पाठमोरं छायाचित्र घ्यायचं ठरवलं. मग माझी हुशारी जागी झाली. त्याच्या अंगातला शर्ट हाताने शिवलेला होता, पाठीवर वेगळीच चुणी होती. कपड्यांवरूनही माणूस ओळखू येतो, हे मी वर्गात सांगत आलेली. मी सोबतच्या छायाचित्रकाराला स्वतःच्या अंगातला शर्ट काढून त्याला द्यायला लावला. निळ्या चौकड्यांचा, दुकानातून घेतलेला, कॉलरवर कंपनीची पट्टी असलेला. त्याला तो जरा ढगळ झाला. तिघंही हसलो. काम झाल्यावर छायाचित्रकार म्हणाला, "राहू दे तुलाच. शोभतोय तुला." त्या पोराने आपला शर्ट नीट घडी घालून पुढे केला. "मग हा तुम्ही घ्या. घरी शिवलेलाय, उसवणार नाही." छायाचित्रकाराच्या दंडात तो चढेना, म्हणून तो माझ्या टेबलाच्या खणात टाकून बनियनवरच घरी गेला. छायाचित्रकारही आता हयात नाही.

बातमी छापून आली. मी नावाचं पान जाळलं. छायाचित्राचं कौतुक झालं, आणि मी ते चौकटीत घालून घेतलं. दाराचं मात्र कोणी काही केलं नाही. एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी, रात्रपाळीची माणसं माळ्यावर कोंडून झोपलेली असताना, गोदामाला आग लागली. चौदा गेले. नऊ जणांना नावं मिळाली, पाच बेवारस राहिले. पालिकेने पाचांची यादी कचेरीबाहेर लावली. चार नंबरपुढे लिहिलं होतं: 'तयार शर्ट, निळ्या चौकड्या, कॉलरला कंपनीची पट्टी.' मी ती यादी उभ्याने वाचली आणि त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला. त्याने ते मला दोनदा सांगितलं होतं. मला आठवेना. चार नंबर त्याच नंबरने पुरला गेला.

कलम चार. माझ्या आईचं शिवणयंत्र शिंपीमास्तरांना द्यावं. यंत्राला त्यांच्याखेरीज कोणी तेल घातलेलं नाही.

मास्तर कोण, तर आगीनंतर आठ महिन्यांनी माझ्या दारात उभे राहिलेले गृहस्थ. दीड दिवसाचा प्रवास करून आले होते. हातात माझ्या बातमीचं कात्रण, घडीवर फाटू नये म्हणून मागून कापड चिकटवलेलं. त्यांच्या मुलाची पत्रं त्याच सुमारास बंद झाली होती. मी त्यांना याच टेबलाशी बसवलं. ते म्हणाले, "पाठ तर त्याचीच वाटते, बाई. पण शर्ट माझ्या हातचा नाही. मी शिवण ओळखतो ना. पालिकेत ती यादी पण बघून आलो. पाचही जणांच्या अंगावर तयार कपडे होते. माझं पोर तयार कपडा घालत नाही, लहानपणापासून नाही. मी त्याच्या प्रत्येक शर्टाला घेरात, आतल्या बाजूने, एक जास्तीचं बटण लावतो. परगावी तुटलं तर कुठे शोधत बसेल?"

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी दुसरा कप चहा घेतला. मी म्हणाले, "ज्याची बातमी केली त्याच्याबद्दल मला काही सांगता येत नाही, मास्तर. तसा नियम आहे." ते म्हणाले, "नियम असावाच." जाण्याआधी त्यांनी माझ्या पडद्याचा लोंबणारा काठ शिवून दिला.

तेव्हापासून ते दरवर्षी आगीच्या तारखेला येतात. चौकटीसमोर चष्मा पुसून उभे राहतात, शर्ट आपला नाही याची खात्री करून घेतात आणि बसतात. माझ्या पिशव्यांचे बंद, उशांचे अभ्रे, कोटाचं अस्तर, सगळ्यांवर त्यांचा हात फिरला आहे. मुलगा समुद्रापलीकडे गेला असावा असं त्यांचं आता ठरलं आहे. "तिकडे पत्र लिहायला फुरसत नसते म्हणे," असं मागच्या वर्षी म्हणाले. त्याची आई मात्र वाट बघता बघता गेली, हेही त्यांनीच सांगितलं, सुई ओवता ओवता.

मी का बोलले नाही? मुलाने मला गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं आहे. मी बरीच वर्षं त्याच्याआड लपले. पण मेलेल्या माणसाने बापापासून लपवायचं काय उरतं? मी भ्याले. पहिल्या दिवशी बोलले नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी बोलणं अवघड झालं, आणि पाचव्या वर्षी अशक्य. शिवाय ते छायाचित्र मी दर तुकडीला पहिल्याच तासाला दाखवत होते. "बघा, याला सख्खा बापसुद्धा ओळखणार नाही," हे माझं आवडतं वाक्य होतं. मास्तर पहिल्यांदा येऊन गेल्यावरही मी ते दोन तुकड्यांपुढे म्हटलं. मला माझी लाज वाटते. ती या कागदाने कमी होणार नाही, हेही मला कळतं.

कलम पाच. शिल्लक. माझं औषधपाणी आणि अंत्यविधी भागवून जे उरेल ते भाचीने चार नंबरला नाव मिळवून देण्यासाठी खर्चावं. रक्ताची तपासणी, अर्ज, दाखला, जे लागेल ते. हे होईल असं मला वाटत नाही. गेल्या वर्षी मी त्या दफनभूमीत गेले होते. कारकुनाने वही उघडून सांगितलं की, बेवारसांची जागा दहा वर्षांनी मोकळी करतात. अवशेष एकत्र कुठेतरी हलवले, कुठे त्याची नोंद नाही. चार नंबरच्या जागी दुसऱ्या कोणाची पाटी होती. मी वेळेवर बोलले असते तर मास्तरांना निदान एक जागा दाखवता आली असती. खटपट तरी करावी.

कलम सहा. टेबलाच्या डावीकडचा खालचा खण. त्याची किल्ली शिंपीमास्तरांच्या हातात द्यावी, दुसऱ्या कोणाच्या नाही. खण उघडताना भाचीने जवळ असावं, खुर्ची द्यावी आणि पाणी ठेवावं. आत एक शर्ट आहे. मी तो धुतलेला नाही, घडीही त्यानेच घातलेली होती तशीच ठेवली आहे. ती मी एकदाच उलगडली, मास्तर पहिल्यांदा येऊन गेले त्या संध्याकाळी, घेराची आतली बाजू बघायला.

मास्तर, बटण आहे.

भाची विचारते, "नऊ दिवसांनी ते येणारच आहेत ना? मग तोंडाने सांग की, आत्या." बघते म्हणाले.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिली: शेजारीण, निवृत्त परिचारिका
साक्षीदार दुसरा: खालचा झेरॉक्सवाला
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: दुसऱ्या महिन्याची सतरा तारीख

पुरवणी

त्याच महिन्याची सव्वीस तारीख. मी अजूनही शुद्धीवर आहे.

आज मास्तर येऊन गेले. या खेपेला जिन्यात दोनदा थांबले. चौकटीसमोर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही, माझा नाही." मी खणाची किल्ली सकाळपासून मुठीत धरून होते. चहा झाला. त्यांनी माझं लोकरी जाकीट मागून घेतलं, काज सैल झालं होतं ते आवळलं आणि बराच वेळ काहीतरी टाके घालत बसले. मी दोनदा "मास्तर" अशी हाक मारली. दोन्ही वेळा त्यांनी सुई थांबवून वर बघितलं, आणि दोन्ही वेळा मी आणखी चहा हवा का तेवढं विचारलं.

निघताना त्यांनी जाकीट माझ्या खांद्यावर घातलं. म्हणाले, "तब्येत उतरलीय तुमची, बाई. दुकानात जायला नको. आतल्या बाजूने एक जास्तीचं बटण लावून ठेवलंय."

वरच्या मजकुरात काहीही बदल करायचा नाही. जाकीट माझ्या अंगावरच राहू द्यावं.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: वरीलप्रमाणे