क्रेनच्या साखळीचा दाखला

नागपूर, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९७७

१. कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यात क्रेनची नवी साखळी आली; तपासायचं काम माझ्याकडे.
२. भार देऊन पाहायचं यंत्र बंद आहे. मी एकेक कडी भिंगातून पाहिली.
३. दाखल्यावर मी 'इन्स्पेक्टेड' लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'टेस्टेड' टाइप करवलं आणि माझ्याकडे सहीला पाठवलं.

पहिल्या शब्दात डोळ्यांनी पाहणं आलं, दुसऱ्यात ताण देऊन पाहणं. मी ताण दिलेला नाही.

बाबा म्हणाले, "एका शब्दापायी पक्की होणारी नोकरी घालवतं काय वं?"

"तुम्ही सूत ओढून न पाहता मागावर चढवलं असतं?"

"नाही. पण माह्या डोक्यावर साहेब नव्हता."

सही केली तर साखळीखाली उभी राहणारी माणसं, नाही केली तर हे घर. साखळी चांगलीच निघाली तर? तरी सही खोटीच. ताण दिलेला नाही.

उद्या द्यायची चिठ्ठी इथेच लिहून ठेवते:

साखळी मी फक्त डोळ्यांनी तपासली आहे. 'टेस्टेड' या शब्दाखाली सही करू शकत नाही. यंत्र कधी दुरुस्त होईल, ते कृपया शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.