पंचफुलाच्या नावाच्या गोळ्या

१४ जुलै १९६६, जानेफळ

बावन्नपैकी एकोणपन्नास पोरं तपासणीला आली! पण डॉक्टरसाहेबांना न आलेली तीनच दिसली. म्हणाले, "बाई, ह्यांच्या घराघरात क्षयाचा रोगी आहे. पोरांना तो लागू नये म्हणून ह्या रोजच्या गोळ्या देऊन बघतोय. पाच वर्षं, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची खबर पाहिजे. एक गळलं की दहा गळतात."

खरं आहे. पण निंदणाला गेलेल्या पोराला मी कुठून धरून आणू?

१६ जुलै

तिघांच्या दारी जाऊन आले. दोघं सापडले. तिसरी पंचफुला. चौदा वर्षांची, एकही गोळी न चुकवणारी. बाप निवृत्ती खाटेवर खोकत होता. आई शालूबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामाच्या गावाले गेली, बीबीले."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे कुणी उभं असावं तशी बघत होती. मी वळून पाहिलं — कुणी नाही.

मी म्हटलं, "ऑक्टोबरात आली नाही तर नाव कापतील. मग निवृत्तीभाऊंची क्षयाची सुईपण बंद."

असं मला कुणीही सांगितलेलं नाही. मनाचंच बोलले. पण लागू पडलं!

"येईन ते," शालूबाई म्हणाली. "तिच्या गोया ठेवून जा."

११ ऑक्टोबर

बावन्न! सगळीच्या सगळी. डॉक्टरसाहेबांनी चहा पाजला.

पंचफुलाचं नाव पुकारलं तर रांगेत कुणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. मागच्या मुलीने ढकललं तेव्हा आली. परकर तिचाच, हिरवा. चेहरा तसाच — आणि तसा नाहीसुद्धा. खोकला? ताप? सगळ्याला "नाही, नाही", पाठ केल्यासारखं.

"ही पंचफुलाच ना गं?" मी पोरींना विचारलं. मग तीन-चार जणी एका आवाजात — "हाव बाई, तेच आहे ते."

कार्ड आत्ता पाहिलं. एप्रिलात उंची चार फूट नऊ इंच. आज चार फूट सहा.

पट्टी भिंतीला लावून तपासली. पट्टी बरोबर आहे.

१२ ऑक्टोबर

माणूस तीन इंच आखूड होत नाही.

१५ ऑक्टोबर

दुपारी न सांगता गेले. निवृत्ती एकटाच, झोपलेला. त्याच्या खाटेला लागूनच पोरीचं अंथरूण. गोळ्यांचा डबा पाहिला. जेवढ्या संपायला हव्या तेवढ्याच संपलेल्या. एकही चुकलेली नाही.

मुलगी अंगणात भांडी घासत होती. हाक मारली, "पंचफुला!" मान वर नाही. जवळ जाऊन विचारलं, "गोळी रोज कोण घेतं?"

राखेचे हात तसेच धरून ती उठली. "पंचफुला घेते. चाला, दाखवते."

मागच्या वावरात ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. मी तिच्या हिरव्या परकराच्या मागे चालले. धुऱ्याच्या बांधावर एका ढिगाऱ्यावर बोरीचे काटे रचलेले, वर दगड. शालूबाई उकिडवी बसली होती. काट्यांखाली हात घालून हळूच बोलत होती — "घे माय. कडू लागते, पन घे."

काट्यांमध्ये पांढरे ठिपके. काही विरघळलेले, काही ताजे.

मी उभी आहे हे तिला कळलं असावं. वळली नाही.

"आषाढात गेली, बाई. तापात. तुम्ही आल्या त्याच्या दहा दिवस आंधी. तोंडातून शब्दच निघत नव्हता. वरून तुम्ही म्हनल्या, नाव कापतीन. ह्याची सुई बंद होईन."

"आणि ही?"

"माह्या भावाची सिंधू. बीबीहून आनली. नाव सांगाले."

"मग गोळ्या हिला का नाही दिल्या?"

आता ती वळली. मी काही अभद्र बोलले असं तिच्या तोंडावर. "काऊन देऊ? गोया पंचफुलाच्या नावाच्या आहेत."

पोरगी बाजूला उभी, दगडासारखी. एवढ्या महिन्यांत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारली असेल का?

१६ ऑक्टोबर

अहवाल गेलेला आहे. बावन्न, हजर. परत मागवला नाही. डोळे मिटले की काट्यांत शिरणारा हात दिसतो.

१९ ऑक्टोबर

डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. सुई बंद होण्याची थाप माझीच होती, तेही. वाटलं, ओरडतील. ते बराच वेळ यादीवर बोट फिरवत राहिले. मग हळू आवाजात — "बाई, बाकीची एक्कावन्न तीच आहेत ना?"



शालूबाईकडे जाऊन सांगितलं, निवृत्तीभाऊंची सुई कधीच बंद होणार नाही. सिंधूला तपासायला सोबत घेऊन आले.

२० ऑक्टोबर

नवं कार्ड भरलं. नाव — सिंधू. वय — बारा. मूळ घरी, बीबीला, क्षयाचा रोगी — कुणीही नाही. खोकला — "बैलांच्या पोयापासून आहे, बाई. आत्यानं सांगू नको म्हनलं होतं."