तात्यांचं बिट आणि माझं कडं

बोगद्याची छावणी, ता. खालापूर
२२ सप्टेंबर १९७८

तीर्थरूप तात्यांस,
सुचेताचा सा. नमस्कार. वि. वि.

गुडघा कसा आहे? आईने पाठवलेले सुके बोंबील पोचले. अर्धे कान्हादादासाठी ठेवलेत, पण तो इथेच गँगमध्ये असून माझ्याकडे फिरकत नाही.

बोगदा आरपार व्हायला थोडाच खडक उरलाय आणि नेमकी गारगोटीची पट्टी लागलीय. जॅकहॅमरच्या टोकाची बिटं खडूसारखी झिजतात. कामाची पाळी सुटली की तपासनीस म्हणून प्रत्येक बिट मी लोखंडी कड्यात घालून बघते. अडलं तर कामाचं, आरपार गेलं तर बाद. परवा तुमचं बिट आरपार गेलं, तात्या. ज्याने तुम्ही या डोंगराला पहिलं भोक पाडलंत, तेच. ज्याने डोंगर उघडला त्यानेच शेवटचं भोक पाडायचं, म्हणून गँगने ते जपलं होतं.

बी.एस्सी. झालीस ती बापाचं हत्यार भंगारात काढायला काय गं, असं दादा सगळ्यांदेखत म्हणाला. मी सांगितलं, झिजल्या बिटाचं भोक अरुंद होतं, सुरुंगाची कांडी अडते, मग कुणीतरी ती ठोसतं. सगळे हसले.

बिट माझ्या कपाटात आहे. तुम्ही सांगितलंत तरी मी ते देणार नाही. पण तुम्ही रागावलात, तर इथे माझं मन लागणार नाही.

आईला नमस्कार. उत्तराची वाट बघणारी,
सुचेता

कर्जत
२८ सप्टेंबर

चि. सुचेतास तात्याचे आशीर्वाद.

गुडघा हाय तिथंच हाय. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तर पोरगी तुमच्यावरच गेली म्हणून मलाच बोलली.

पोशाकाकाचा हात कशानं गेला, असं तू लहानपणी विचारायचीस. देवानं नेला म्हणायचो मी. देवानं नाय गं नेला. अडकलेली कांडी ठोसताना ती उडाली, त्यात गेला. कान्हालाही तसं लिहिलंय.

बिट झिजलं तर झिजलं. मी तरी कुठं नवा राहिलोय? खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहा, भोकात घालू नका. आपल्यात ज्याचं त्याचं हत्यार पूजेला लागतं. कान्हाचा जॅकहॅमर, आईची विळी. तुझं कोणतं गं?

रागावलो नाय. जेवत जा.
तात्या

बोगद्याची छावणी
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप तात्यांस,
सा. न. वि. वि.

खंडेनवमीला जॅकहॅमर धुऊन मांडले होते, मधोमध झेंडूच्या माळेत, पूजेपुरतं मी कपाटातून काढलेलं तुमचं बिट. मी लांबच उभी होते. तुम्ही विचारलंत ते माझं हत्यार त्यात नव्हतं. तेवढ्यात दादा आला आणि त्याने माझ्या हातातलं बिटं तपासायचं कडं काढून घेतलं. भिरकावतो की काय, असं वाटलं. त्याने ते धुतलं, सदऱ्याला पुसलं, तुमच्या बिटाशेजारी ठेवलं आणि त्याला पहिलं कुंकू लावलं. वर गँगला म्हणाला की नीट वागा रं, नायतर ही तुमालापण कड्यातून घालून बघंल.

काल दसऱ्याला नव्या बिटांनी शेवटची भोकं पाडली. कांड्या हलकेच आत सरकल्या. धूर निवळल्यावर पलीकडचा वारा थेट अंगावर आला. दादा रडत होता, धूर लागला म्हणाला. मग माझ्याकडे जेवायला आला आणि माझ्या वाटणीचे बोंबीलही संपवले.

कड्याचं कुंकू मी पुसलेलं नाही. आज तपासायला घातलेल्या प्रत्येक बिटाला त्यातलं थोडं थोडं लागत होतं.

आईला अजून बोंबील पाठवायला सांगा. माया आहेच, ती झिजू देऊ नका.
तुमची,
सुचेता