वटवट्याची उघडी चोच

तीर्थरूप बाबांना, इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नका.

इथली वसंतातली पक्षीगणना रविवारी पार पडली. कुणी कोणत्या वाटेनं जायचं, कुणाच्या जोडीला कोण, ही सगळी आखणी यंदा माझ्या गळ्यात पडली होती. कालव्याकाठची वाट मी स्वतःला ठेवली आणि जोडीला शेजारची शिंपीणबाई घेतली. तोंडाला कुलूप लावायचं, एवढीच अट.

एका झाडाखाली तीच कुजबुजली, "वटवट्या. ऐका तरी."

मला काही ऐकू येईना. "भास झाला असेल तुम्हाला," मी म्हटलं.

तिनं माझी हनुवटी धरून मान वर केली. डोक्यावरच्याच फांदीवर तो इवलासा पक्षी होता. चोच उघडी, गळा थरथरत होता, आणि माझ्या कानांत नुसती शांतता.

डॉक्टर म्हणतात, वयानं बारीक आवाज आधी जातात. बाकी सगळं ऐकू येतं, वरच्या मजल्यावरची भांडणंसुद्धा. आईला एवढंच सांगा.

तेव्हापासून तुमचं फार जुनं वाक्य डोक्यातून जात नाही. "वटवट्यानं आपलं अंगण सोडलं," म्हणालात आणि गणनेला जाणंच बंद केलंत. तेव्हा तुम्ही माझ्याच वयाचे होतात, बाबा.

कपाटावरची दुर्बीण कुणाकडून तरी खाली काढून घ्या, स्टुलावर तुम्ही चढू नका. सकाळी अंगणात बसा आणि फांद्यांकडे बघा. उघडी चोच दिसली की समजा, तो गातोय.

तुमची,
धाकटी