हरकत नसल्यास

२ डिसेंबर
वॉशिंग्टनला पोचले आणि पहिल्याच दिवशी मनासारखं काम हाती आलं! सिनेटर क्विन्बींच्या कचेरीत मी कायद्यांचे मसुदे लिहिणार. म्हातारा गोड आहे. सिनेटच्या सभागृहात दाराजवळच्या एका बाकाचा खण कायम गोळ्या-टॉफ्यांनी भरलेला असतो. येताजाता मूठभर उचलायच्या, हा जुना रिवाज. क्विन्बींनी त्यातली टॉफी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "घे, नोरीन. इथं पोट भरत नाही, दात मात्र पडतात."

पहिलाच मसुदा मोठा. समोरच्यानं हल्ला केलेला नसताना राष्ट्राध्यक्षांना अण्वस्त्र डागायचं असेल, तर आधी सिनेटची संमती हवी. संध्याकाळी बाबांना फोन केला. मोंटानात आमच्या कुरणातच, कुंपणाआड, सरकारनं एक क्षेपणास्त्र पुरलंय. त्याच्या झाकणाशेजारी वासरं राखत मी वाढले. बाबा म्हणाले, "नीट लिही गं पोरी. झोपलंय ते, झोपू दे."

११ डिसेंबर
निम्म्याहून जास्त सिनेटर प्रत्यक्ष हजर हवेत, असं वाक्य मी घातलं होतं. कचेरीप्रमुख लॉरेटानं ते खोडलं. तेवढ्यावर विरोधक अडून बसलेत. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला सगळे धावत येतीलच की, असं तिचं म्हणणं. मला पटलं. त्या वाक्याविना मसुदा मीच पुन्हा उतरवून काढला.

१८ डिसेंबर
मंजूर! राष्ट्राध्यक्षांनी हसत हसत सही केली. कचेरीत केक. क्विन्बींनी बोटं चाटली आणि त्याच बोटांनी माझा गाल थोपटला. घरी येऊन साबणानं धुतला. वास जात नाही.

२७ डिसेंबर
नाताळची सुट्टी, पण सिनेट कागदोपत्री चालूच ठेवतात. अधूनमधून सकाळी एकच सिनेटर जातो, बैठक उघडतो, लगेच मिटवतो. क्विन्बी जवळ राहतात म्हणून काम त्यांच्याकडे. आज मी बरोबर गेले. शंभर बाकं, सगळी रिकामी. टॉफी घोळवत त्यांनी एक किरकोळ ठराव वाचला, विचारलं, कोणाची हरकत? जरा थांबले. मग स्वतःच, हरकत नाही, मंजूर. हातोडा आपटला. हनुवटीपासून मेजापर्यंत लाळेची तार.

इथं तर कोणीच नाही, मी म्हटलं. हसले. "अगं, कोणी हजेरी मोजा म्हणेपर्यंत सगळे हजरच धरतात. आणि मोजा म्हणायला सिनेटर लागतो."

जिन्यात लक्षात आलं, आपण कुठलं वाक्य खोडू दिलं ते. आता एकटा सिनेटरही सगळ्या सिनेटची संमती देऊ शकतो.

३० डिसेंबर
लॉरेटाला सांगितलं. नखं रंगवत होती. सुट्टीत डोकं खाऊ नकोस, म्हणाली. सिनेटरांना फोन केले. कोणी बर्फात घसरायला गेलंय, कोणी समुद्रावर. सगळे पुढच्या आठवड्यात बघणार.

बैठकीत चघळण्याचा आवाज. क्विन्बींचं तोंड तेव्हा मिटलेलं होतं. आवाज मागच्या बाकांतून येत होता. जाऊन पाहिलं. एका बाकावर चोखून टाकलेली गोळी. हात लावला.

कोमट होती.

२ जानेवारी
आता बऱ्याच बाकांवर. ओल्या. खालचं लाकूड चिकट झालंय.

राष्ट्राध्यक्षांकडचा एक माणूस आला होता. क्विन्बींनी त्यालाही टॉफी दिली. दोघं शेजारी बसून मचमच चघळत कुजबुजले. नंतर क्विन्बी खुशीत होते: नातवाला राजदूत करणार आहेत म्हणे.

त्या बदल्यात काय, मी विचारलं.

दातात अडकलेलं नखानं काढत राहिले.

५ जानेवारी
बाबांचा फोन. कुरणात सैन्याचे ट्रक. झाकणापासून गुरं लांब न्या, असं सैनिक म्हणाले. सरावच असेल, म्हणाले बाबा, तू उगाच — पुढचं ऐकलंच नाही. सभागृहाच्या दारात फोन काढून घेतात.

मागच्या बाकावर लिहितेय. क्विन्बी संमतीचा कागद वाचताहेत. कुठल्या देशावर, ते नाव टॉफीत अडकलं. नीट ऐकूही आलं नाही —

शंभर बाकं. सगळी चघळताहेत.

मी उठून ओरडले, माझी हरकत आहे! मोजा! नोंद घेणाऱ्यानं मान वर केली नाही. मी सिनेटर नाही. माझं बोलणं बोलणं नाही. पहारेकरी निघालाय —

कोणाची हरकत, विचारलं त्यांनी.

थांबलेत. रिवाजाप्रमाणे. दार उघडून एक जरी आत आला, एकच —

तोंडातली गोळी त्यांनी तळहातावर काढली. त्याच हातात हातोडा. बाबा, गुरं राहू देत, तुम्ही आधी